पिनो पॅलाडिनो: खर्जातली चार दशकं

रेकॉर्डिंगच्या धंद्यात बेस वाजवणाऱ्याचं नाव श्रोत्यांपर्यंत क्वचितच पोचतं. मोटाउनच्या असंख्य गाण्यांचा कणा असलेल्या जेम्स जेमर्सनचं नावसुद्धा मार्विन गेच्या १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत त्या कंपनीच्या वेष्टनांवर नव्हतं. २ ऑगस्ट १९८३ला तो गेला. त्या दिवसांत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं ते मार्विन गेचंच एक जुनं गाणं, पॉल यंगनं नव्यानं गायलेलं ‘व्हेअरएव्हर आय ले माय हॅट’. या ध्वनिमुद्रिकेत गायकाच्या आधी लक्ष वेधतो तो बेस. वाजवणारा होता कार्डिफचा पंचविशीतला मुलगा पिनो पॅलाडिनो. वडील इटालियन, आई वेल्श.

त्याच्या हातातल्या बेसला पडदे नव्हते. त्यामुळे स्वर सुटे पडत नाहीत. एकातून दुसऱ्यात मींड घेत जातात. मागे सिंथेसायझरचा गार पडदा आणि पुढे हे गाणारं वाद्य. सुरुवातीची ती ओळ ऐकताना वाटतं, गायक आला नाही तरी चालेल. पुढची काही वर्षं हाच आवाज सगळ्यांना हवा झाला. पीट टाउनशेंड, डॉन हेन्ली, टिअर्स फॉर फिअर्स अशी नावं त्याच्या खात्यात जमत गेली.

मला मात्र त्या दशकातलं त्याचं बरंचसं काम आज जड वाटतं. वादन निर्दोष आहे, पण अलंकार फार. जिथे एक स्वर पुरे, तिथे तीन घसरत येतात, शिवाय खालच्या सप्तकाची भर घालणारं पेडल आहेच. मागणीनं कलावंताची शैली ठरवली की असं होतं. पॅलाडिनोचं मोठेपण हे, की ज्या आवाजावर त्याचं नाव झालं तोच त्यानं बाजूला ठेवला.

१९९७च्या सुमाराला बी. बी. किंगच्या ‘ड्यूसेस वाइल्ड’च्या निमित्तानं त्याची गाठ गायक डी’अँजेलोशी पडली. तिथून तो न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, डी’अँजेलोच्या ‘वूडू’च्या कामावर पोचला. आता हातात पडदे असलेला जुना फेंडर प्रिसिजन आणि फ्लॅटवाउंड तारा. आवाज बुटका, गोल, लगेच विरणारा. २०००च्या जानेवारीत आलेल्या या अल्बममधलं ‘चिकन ग्रीस’ हेडफोन लावून ऐकावं. ड्रमर क्वेस्टलव्हचा ठेका भिंतीसारखा उभा आहे. बेस मात्र मात्रेवर पडत नाही. मात्रा होऊन गेल्यावर, केसभर उशिरा, आरामात टेकतो. ही ढिलाई नाही. ती प्रत्येक आवर्तनात तितक्याच मापानं येते, म्हणून शरीर पुढे झुकतं आणि लय त्याला मागे ओढते. आपल्याकडे विलंबित ऐकणाऱ्याला यातला कस चटकन कळेल: समेची जागा पक्की ठाऊक असलेल्यालाच तिच्यामागे रेंगाळता येतं. सुटलेल्या जागाही ऐकण्यासारख्या आहेत. १९८३चा पॅलाडिनो त्या भरून टाकता. गेल्या पंचवीस वर्षांत बेस शिकलेल्या कितीतरी मुलांनी ‘वूडू’ घोटून घोटून पाठ केला आहे, आणि माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम आजही तेच आहे.

२००२च्या जूनअखेर ‘द हू’चा बेसवादक जॉन एंटविसल दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी गेला. चारच दिवसांत, १ जुलैला, त्याच्या जागी हॉलिवूड बोलमध्ये पॅलाडिनो उभा होता. एंटविसल म्हणजे गर्जना. त्याची नक्कल करण्यापेक्षा पॅलाडिनोनं आवाज खाली ठेवला, गाणी तोलली. चाहत्यांपैकी काहींना ते फिकं वाटलं आणि त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती, कारण त्या बँडच्या संगीताला बेसचा दंगा लागतोच. पण शोकात उभं राहून साथ करणं म्हणजे काय, हे त्या दौऱ्यानं दाखवलं. गिटारवादक जॉन मेयर आणि ड्रमर स्टीव्ह जॉर्डनबरोबरच्या त्रयीत तो कितीतरी मोकळा आहे. तिघांतच सगळं उभं करायचं असल्यामुळे असेल.

स्वतःच्या नावाचा अल्बम यायला मात्र २०२१ उजाडलं. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता, आणि तेव्हाही वेष्टनावर एकटा नव्हता: ‘नोट्स विथ अटॅचमेंट्स’वर गिटारवादक ब्लेक मिल्सचं नाव बरोबरीनं आहे. सावलीतला माणूस अखेर उजेडात आला, असं याबद्दल म्हणणं सोपं आहे, पण अल्बम ऐकल्यावर ते टिकत नाही. बेसचं कौशल्य दाखवणारी लांबलचक वादनं इथे नाहीतच. ‘एकुटे’मध्ये पश्चिम आफ्रिकी लयीची उसळी आहे, ‘मॅन फ्रॉम मोलिसे’त वडिलांच्या मुलखाचं नाव, सॅम गेंडेलचा सॅक्सोफोन कुठूनही डोकावतो आणि बेस कधी कधी शोधून काढावा लागतो. अर्ध्या तासाच्या आसपासचं हे संगीत देखणं आहे. माझा आक्षेप एवढाच, की काही रचना रंगात येतायेताच संपतात. कल्पना नेमकी सापडली आणि तेवढ्यावर समाधान मानलं, असं वाटतं.

२०२५मध्ये याच जोडीचा ‘दॅट वॉझन्ट अ ड्रीम’ आला. त्यात ‘हीट सिंक’ ही रचना दहा मिनिटांहून अधिक चालते आणि पहिल्या अल्बमला नसलेला दम तिला आहे. मजा म्हणजे पॅलाडिनोनं सोडलेली मींड इथे मिल्सच्या पडदे नसलेल्या गिटारमधून परत येते, आणि पॅलाडिनो तिच्याखाली मोजके, खणखणीत स्वर ठेवत जातो. पुढचा अल्बम त्यांनी इथूनच सुरू करावा.