शिशिर आणि आमचे गद्य

मराठी वाङ्मयात उन्हाळ्याची वाण नाही, पावसाची तर मुळीच नाही. हिवाळा मात्र तेथे पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच परत जातो. हे आमचे मत जुनेच आहे. परंतु ते पुन्हा तपासून पाहण्याचा प्रसंग आला तो ग्रंथालयात नव्हे, तर वाशीच्या एपीएमसी मार्केटात. गेल्या पौषातील एका पहाटे सफरचंदांची एक पेटी घ्यावी म्हणून आम्ही तेथील फळबाजारात गेलो होतो. १९९६ साली मुंबई शहरातून येथे आलेला हा बाजार उजाडण्यापूर्वीच जागा असतो. गाळ्यांपुढे काश्मीर आणि हिमाचलातून आलेल्या मालाच्या गाड्या उभ्या होत्या. हवा आमच्या मुंबईची, म्हणजे दमट. हमालांच्या पाठीवर घाम निथळत होता. आणि त्याच गर्दीत एक माथाडी कामगार जाड स्वेटर व कानटोपी घालून पेट्या वाहत होता. शीतगृहातील माल बाहेर काढण्याचे त्याचे काम. ‘आत फार थंडी वाजत असेल,’ असे आम्ही सहज म्हटले. तो म्हणाला, ‘आत ऱ्हायलं तर अंगाला सवय हुती, साहेब. आत-बाहेर करण्यात जीव जातो.’ एवढे बोलून तो पुन्हा आत गेला.

आमच्या मते टीकाशास्त्राच्या दृष्टीने हे वाक्य मोलाचे आहे. थंडीविषयी ज्याला लिहावयाचे आहे त्याने केवळ आतले सांगून भागत नाही, केवळ बाहेरचे सांगूनही भागत नाही. दाराशी काय होते ते त्याने सांगितले पाहिजे. कडाक्याच्या हिवाळ्यात राहणे म्हणजे त्या दारातून दिवसातून वीस वेळा जाणे-येणे, आणि त्यासाठी कपडा, सरपण, अन्न व वेळ यांचा हिशेब ठेवणे होय. या कसोटीवर आमचे गद्य घासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम परंपरेकडे वळू. ‘ऋतुसंहारा’त कालिदासाने सहाही ऋतूंस समान मान दिला आहे. परंतु तेथे शिशिर येतो तो खिडक्या लावून घेण्यास निमित्त म्हणून. थंडी बाहेर राहते आणि आतल्या विलासाची गोडी वाढवते. ही वाट आमच्या कवींस वारशाने मिळाली, आणि ललितगद्यानेही तीच धरली. वस्तुतः आमची बोली या बाबतीत दरिद्री नाही. हिंव, गारठा, काकडणे, कुडकुडणे, हुडहुडी, थिजणे, गोठणे हे शब्द अनुभवातूनच आले आहेत. पण ते सगळे अंगाचे शब्द आहेत, भूमीचे नव्हेत. आकाशातून भुरभुर पडतो तो बर्फ, तळ्यावर दगडासारखा धरतो तोही बर्फ, आणि उसाच्या रसात टाकतात तोही बर्फच! संस्कृतातून ‘हिम’ आणून आम्ही पद्याची वेळ भागवितो. गद्याची भागत नाही. उलट काश्मीरची बोली पाहावी. डिसेंबराच्या २१ तारखेपासूनच्या चाळीस दिवसांस तेथे ‘चिल्लई कलां’ म्हणतात, पुढील वीस दिवसांस ‘चिल्लई खुर्द’, आणि त्यानंतरच्या दहांस ‘चिल्लई बच्चा’. थोरला, धाकटा आणि लेकरू! हिवाळ्याला जे घरातल्या माणसासारखे हाक मारतात तेच त्याच्याशी नांदतात.

आता एका मोठ्या ग्रंथाकडे येऊ. अतिउत्तरेचा विचार आमच्या प्रांतात लोकमान्य टिळकांइतक्या आग्रहाने कोणी केला नाही. ‘दि आर्क्टिक होम इन दि वेदाज’ हा त्यांचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत असला, तरी त्यामागील मन मराठी आहे. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते हा त्यातील सिद्धान्त आज विद्वानांस मान्य नाही. शेवटच्या हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेशी सौम्य हवेची वस्ती होती हे त्याचे गृहीतकच ढासळले आहे. तेव्हा तो वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही; ग्रंथाकडे वाङ्मय म्हणूनच पाहतो. तसे पाहता त्यातील उषेची प्रकरणे आजही मन वेधून घेतात. तैत्तिरीय संहितेतील तीस उषा-भगिनी, क्षितिजावर चक्रासारखी फिरणारी दीर्घ पहाट, दहाव्या युगी वृद्ध झालेला दीर्घतमा, या सर्वांस एका सूत्रात ओवणारी ती बुद्धी असामान्य खरीच.

परंतु चमत्कार असा, की उत्तर ध्रुवावरील या ग्रंथात प्रकाश आहे, अंधार आहे, पण थंडी जवळजवळ नाही. याचे कारण सिद्धान्तातच आहे. लोकमान्यांचे ध्रुवस्थान हे चिरवसंताचे स्थान होते. बर्फ आला तो घर मोडावयास आला, आणि तो येताच लोक निघून गेले. म्हणजे हिवाळा ही त्या कथेची सुरुवात नव्हे, शेवट आहे. अवेस्त्यातील वेंदिदादामध्ये यिमाची कथा आहे. घातक हिवाळा येणार अशी सूचना मिळाल्यावर तो एक कोट बांधतो आणि माणसे, पशू व वनस्पती यांचे बीज त्यात सांभाळतो. थंडीशी नांदण्याची ही केवढी थोर कथा! लोकमान्य ती घेतात, पण त्यांचे लक्ष खिळते ते त्या कोटात सूर्य वर्षातून एकदाच उगवताना दिसे या वाक्यावर. कोटातील लोक काय खात, दार कधी उघडत, हे ते विचारीत नाहीत. ज्योतिषी सूर्याकडे पाहतो हे योग्यच. यात त्यांचा दोष आम्ही मानीत नाही. दोष आमचा, की अतिउत्तर म्हटले की तेवढेच आमच्या डोळ्यांपुढे येते.

लोकमान्यांचा ग्रंथ निघण्यापूर्वी वीस वर्षे एक मराठी मुलगी त्या दारातून प्रत्यक्ष गेली होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस पोहोचल्या, फिलाडेल्फियास वैद्यक शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेऊन पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास क्षयाने वारल्या. त्यांचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले. त्यातील पत्रव्यवहार आम्ही एका करुण कथेचे साहित्य म्हणून वाचीत आलो आहोत. पण थंडीच्या दृष्टीने तो पुन्हा वाचण्याजोगा आहे. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. तेथील हिवाळ्यात ते चालावयाचे कसे? गुजराथी पद्धतीने नेसले तर अंग झाकते. पण त्याचा खुलासा पतीस केला पाहिजे आणि पतीच्या संशयास तोंड दिले पाहिजे. म्हणजे थंडी ही त्यांच्या बाबतीत केवळ हवा नव्हती. कापडाच्या प्रत्येक हाताचा जाब होता. येथे आम्हांस दार दिसते. त्या दाराच्या एका बाजूस उत्तर अमेरिकेचा हिवाळा आहे आणि दुसऱ्या बाजूस आमचा समाज आहे, आणि एकोणीस-वीस वर्षांची मुलगी रोज उंबरठ्यावर उभी आहे. अलंकारांनी नटलेल्या कित्येक हिमवर्णनांपेक्षा या साध्या मजकुराची योग्यता आम्ही अधिक मानतो.

तुलनेसाठी थोरोच्या ‘वॉल्डन’चे (१८५४) नाव घेणे येथे अप्रस्तुत होणार नाही. मॅसॅच्युसेट्समधील त्याच्या तळ्याचे पाणी थिजले, तेव्हा त्याने त्या बर्फाचा उपयोग तळ्याची खोली मोजण्याकडे केला; ती १०२ फूट भरली. पुढे शंभर मजूर येऊन ते बर्फ कापू लागले, तर त्यांची अवजारे, गाड्या आणि रास रचण्याची रीत त्याने टिपून ठेवली. त्या प्रांतातील बर्फ त्या काळी जहाजाने मुंबईस येत असे, आणि थोरोस त्याची जाणीव होती. म्हणजे उत्तरेचा हिवाळा मुंबईत विकावयास येणे ही गोष्ट आजची नव्हे. फरक एवढाच, की तिकडच्या लेखकाने माल पाठविताना लिहिले. इकडच्यांनी तो उतरवून घेताना लिहिले नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘आमचा देश उष्ण, परक्या थंडीचे ओझे आमच्या वाङ्मयाने का वाहावे?’ आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण तो खरा नाही. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटतात. घड वाचविण्यासाठी जागणाऱ्या त्या कुटुंबास थंडी परकी नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावास लोक ‘मिलिटरी’ हेच नाव लावतात; १९८४ पासून सियाचेनवर आपले सैन्य आहे, आणि त्या उंचीवरचा हिवाळा पत्रांतून मराठी घरांत येत आला आहे. त्याच जिल्ह्यातील दुसरे भाऊ वाशीस माथाडी म्हणून डोक्यावर माल वाहतात. कॅनडात मराठी संसार वर्षानुवर्षे बर्फ उपसून दार मोकळे करीत आहेत. एवढ्या लोकांचा अनुभव जर परका, तर आपला कोणाचा?

आजच्या प्रवासवर्णनांत हिम भरपूर आहे हे आम्ही जाणतो. परंतु तेथे लेखक पडणारे बर्फ पाहून हरखतो, छायाचित्र घेतो आणि आठव्या दिवशी परततो. त्याचा आनंद खोटा नव्हे. पण जानेवारीतील पहिले बर्फ सर्वांसच सुंदर दिसते. मार्चातले, काळवंडलेले, पायाखाली घसरणारे बर्फ ज्याने लिहिले त्यानेच हिवाळा लिहिला असे आम्ही म्हणू.

शेवटी पुन्हा त्या सफरचंदाच्या पेटीकडे. सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सुमारे सात अंशांखालची थंडी हजार-बाराशे तास मिळाली नाही, तर वसंतात मोहोर नीट येत नाही, हे बागाईतदार जाणतात. ज्या गारठ्यास आपण केवळ संकट म्हणतो तो त्या झाडाचा आहार आहे. पुढे तेच फळ टिकावे म्हणून वाशीत शून्य अंशाच्या आसपास पुन्हा हिवाळा रचावा लागतो, आणि त्या रचलेल्या हिवाळ्यात एक मराठी माणूस दिवसभर आत-बाहेर करतो. आम्ही ती पेटी घेऊन घरी आलो. फळ हातात धरले तेव्हा ते अजून गार होते. वर्गात पुढल्या आठवड्यात ‘वॉल्डन’ शिकवावयाचे होते. मुलांस आम्ही प्रथम त्या माथाड्याचे वाक्य सांगितले, आणि मग पुस्तक उघडले.