‘कंपनी’ : व्युत्पत्ती, विभक्ती आणि औद्योगिक पट्ट्यातील अर्थ

प्रास्ताविक

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात ‘कंपनी’ हा इंग्रजी शब्द घरोघरी वापरला जातो. ‘मंडळी’, ‘व्यापारी संस्था’ हे त्याचे रूढ प्रतिशब्द होत. परंतु येथील बोलण्यात हा शब्द जो अर्थ वाहतो, तो या प्रतिशब्दांत मावत नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाचे मूळ, त्याचा मराठीतील प्रवास आणि या पट्ट्यातील वापर यांचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती

इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. त्याच्या मुळाशी उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कंपानिओ’ हा शब्द आहे. ‘कुम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. एकत्र भाकरी खाणारा तो सोबती. याच ‘पानिस’पासून पोर्तुगीज भाषेतील भाकरीवाचक शब्द आला आणि त्यापासून मराठी ‘पाव’. कणीक पायांनी तुडवतात म्हणून ‘पाव’, ही लोकव्युत्पत्ती ग्राह्य नाही. म्हणजे कंपनी आणि तिच्या गेटसमोर मिळणारा वडापाव यांच्या नावांत एकच लॅटिन शब्द दडलेला आहे.

मराठीतील प्रवास

मराठीत हा शब्द सोबत्याच्या अर्थाने रुजला नाही. तो सत्तेचे नाव म्हणून रुजला. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ मध्ये पेशवाई संपवली आणि येथे ‘कंपनी सरकार’ आले. १८५८ मध्ये तो अंमल संपला, शब्द मात्र राहिला. पुढे नाट्यव्यवसायात संस्थेच्या नावात ‘मंडळी’ असले तरी लोक ‘नाटक कंपनी’ म्हणू लागले. एकत्र मुक्काम आणि एकत्र पंगत असलेल्या त्या जीवनात हा शब्द नकळत आपल्या मूळ अर्थाजवळ गेला होता.

पट्ट्यातील अर्थ

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कारखानदारी विस्तारली आणि पुढे ती चाकणपर्यंत पोहोचली. येथे ‘कंपनी’ म्हणजे प्रथम जागा : ‘कंपनी सुटली’, ‘कंपनीची बस’. त्यानंतर ती प्रतिष्ठा : ‘मुलगा कंपनीत आहे’, हे वाक्य लग्न जुळवताना आवर्जून उच्चारले जाते.

येथे विभक्तीचा भेद लक्षणीय ठरतो. कायम कामगार ‘कंपनीत’ही असतो आणि ‘कंपनीचा’ही असतो. कंत्राटी कामगार ‘कंपनीत’ जातो, त्याच आवारात राबतो. परंतु त्याचा उल्लेख ‘ठेकेदाराचा माणूस’ असा होतो. सप्तमी त्याला मिळते, षष्ठी मिळत नाही. सप्तमी स्थान दाखवते, षष्ठी संबंध. कामगारांच्या दोन वर्गांतील अंतर येथील बोलीने एका प्रत्ययात नोंदवले आहे. कोशातील प्रतिशब्दांत ते सापडत नाही.

एक आक्षेप

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हा भाषाशास्त्राचा आक्षेप रास्तच आहे. लॅटिन मूळ सांगून आजच्या कंपनीला सहभोजनाचे कर्तव्य शिकवता येणार नाही. तथापि ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ म्हणणाऱ्या आणि रोटीव्यवहारावरून आपला-परका ठरवत आलेल्या समाजाला हे मूळ परके वाटू नये. कायद्यालाही या प्रश्नाशी गाठ घालावी लागली आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ ने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांना कॅन्टीन सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य शासनास दिला होता. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेने ही मर्यादा १०० वर आणली आणि ती मोजताना कंत्राटी कामगारही धरावेत, असे स्पष्ट केले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पंगतीत कोणाला मोजायचे, हा व्युत्पत्तीतला प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या भाषेत उतरला.

समारोप

परभाषेतून आलेल्या शब्दाचा अर्थ त्याच्या मुळात किंवा प्रतिशब्दात संपत नाही. तो स्थानिक वाक्यात, प्रत्ययासह तपासावा लागतो. कॅन्टीनसाठी मोजणी झाली, म्हणून ‘कंपनीत’ असणारा ‘कंपनीचा’ होतोच असे नाही. हे अंतर कमी झाले की नाही, याची साक्ष येथील बोलीच देईल. महाविद्यालयीन भाषाध्यापनात अशा शब्दांना स्थान मिळाल्यास विद्यार्थ्यांना व्याकरण आणि भोवतालचा समाज यांचे नाते उमगेल.