ऑनलाइन अध्यापनाची गुणवत्ता आणि प्रत्युत्तराचे स्थान

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर गेले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे घोषवाक्य त्या काळात सर्वतोमुखी झाले. पुढे शाळा उघडल्या. तथापि पडद्यावरील अध्यापन मागे राहिले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या मंचावरून पूर्ण करण्यास वाव दिला. संकटकाळातील सोय अशा रीतीने नित्याच्या व्यवस्थेत समाविष्ट झाली. सोय म्हणून जे निभावले ते व्यवस्था म्हणून टिकेल काय, याची परीक्षा त्यामुळे अपरिहार्य ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावासारखे तालुक्याचे गाव डोळ्यांपुढे ठेवून ती केल्यास अधिक उद्बोधक होईल. कारण ऑनलाइन पाठात राहिलेली उणीव खाजगी शिकवणीने वा समृद्ध ग्रंथालयाने भरून निघण्याचा संभव मोठ्या शहराच्या मानाने तेथे कमी.

ऑनलाइन पाठाची गुणवत्ता सांगताना सामान्यतः चित्राची स्पष्टता, ध्वनीची शुद्धता, व्याख्यात्याची विद्वत्ता आणि उपस्थितांची संख्या यांचा निर्देश केला जातो. हे गुण आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु ते प्रसारणाचे गुण होत, अध्यापनाचे नव्हेत. हा भेद स्पष्ट करण्यास भाषाविज्ञानाचे साहाय्य होते. सिंक्लेअर व कूल्थर्ड या बर्मिंगहॅम येथील अभ्यासकांनी १९७५ मध्ये वर्गातील संभाषणाची त्रिपदी रचना दाखवून दिली : अध्यापकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्या उत्तरावर अध्यापकाचे प्रत्युत्तर. यांपैकी तिसरे पद हे वर्गाचे खास लक्षण आहे. रस्त्यात कोणी वेळ विचारली, तर मिळालेले उत्तर बरोबर की चूक हे तो सांगत बसत नाही. अध्यापक ते सांगतो आणि सांगता सांगता आपले पुढील वाक्य बदलतो. विद्यार्थ्याच्या उक्तीने अध्यापकाचे पुढील वाक्य बदलते काय, हाच गुणवत्तेचा खरा निकष मानला पाहिजे.

हा निकष केवळ तात्त्विक नाही. महाराष्ट्रातच त्याची कसोटी पूर्वी लागलेली आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावी आठवड्यातून दोनदा, असे एकूण २० कार्यक्रम ऐकविण्यात आले. गावोगावची मंडळे कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत मंडळे असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओही नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात पडलेली भर इतर गावांपेक्षा पुष्कळच अधिक आढळली. यंत्र तेच आणि आवाजही तोच. फरक पडला तो चर्चेने आणि प्रत्युत्तराने.

‘स्वयम्’च्या रचनेकडे या दृष्टीने पाहावे. तीत चार भाग कल्पिले आहेत : चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. चौथ्या भागाचा अंतर्भाव हे योजकांच्या जाणतेपणाचे लक्षण होय. परंतु गुणदानाचा भार स्वाध्याय व अंतिम परीक्षा यांवर आहे. चर्चा ओस पडली तरी विद्यार्थ्याचे गुण बहुधा घटत नाहीत. ज्या अंगाची उपेक्षा कोणालाच जाचत नाही, ते अंग कालांतराने सुकते. म्हणून रचनेतील दोष तांत्रिक नसून मूल्यमापनविषयक आहे.

बाभुळगावच्या परिसरात या प्रश्नाला भाषेचे आणखी एक परिमाण आहे. तेथील बोली वऱ्हाडी. प्रमाण मराठीतील ‘मला’ तेथे ‘मले’ होते, ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. जिल्ह्यात बंजारा, गोंडी आणि कोलामी याही भाषा बोलल्या जातात. त्या घरांतील मुलांना मराठी ही दुसरी भाषा आहे. समोरासमोरच्या वर्गात ‘मले नाही समजलं’ हे शब्द उच्चारले जातात आणि विरून जातात. पुष्कळदा तेही लागत नाहीत, चेहरा पुरतो. पडद्यावर तीच शंका लिहून विचारावी लागते. लिहिलेली ओळ सर्वांपुढे राहते आणि लेखन म्हटले की प्रमाणभाषेची अपेक्षा आपोआप जागी होते. परिणामी शंका विषयाची असते आणि संकोच भाषेचा. विद्यार्थी गप्प राहतो. त्या मौनाचा अर्थ ‘समजले’ असा लावला जातो, हे या माध्यमातील सर्वांत मोठे अनिष्ट होय.

मौनाला वेळ देण्याचाही प्रश्न आहे. मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये दाखविले, की प्रश्न विचारल्यावर अध्यापक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद वा अधिक थांबल्यास उत्तरे दीर्घ होतात आणि एरवी न बोलणारेही बोलू लागतात. ऑनलाइन वर्गात ध्वनी उशिरा पोहोचतो, बोलण्यापूर्वी कळ दाबावी लागते. अतएव तेथे याहूनही अधिक थांबले पाहिजे.

यावर एक आक्षेप संभवतो. व्याख्याता एक आणि श्रोते सहस्रावधी असताना प्रत्येकाला प्रत्युत्तर कसे द्यावे? आक्षेप खरा आहे, पण तो निरुत्तर करणारा नाही. १९५६ च्या प्रयोगात पुणे केंद्राने व्यक्तीव्यक्तीशी संवाद साधला नव्हता. मंडळांशी साधला होता. तद्वतच मुद्रित पाठ विद्यार्थ्यांनी एकत्र ऐकावा, स्थानिक अध्यापकाने मध्ये थांबवून बोलीत चर्चा घडवावी, न सुटलेले प्रश्न गोळा करून मूळ व्याख्यात्याकडे पाठवावेत आणि त्याने त्यांचा परामर्श पुढील पाठात घ्यावा. यासाठी नव्या यंत्राची गरज नाही. वेळापत्रकात जागा आणि गावात अध्यापक हवा.

येथेच विषयाचे मर्म आहे. उत्तम मुद्रित पाठ उपलब्ध आहे, सबब स्थानिक अध्यापकाचे पद रिक्त राहिले तरी चालेल, असा हिशेब मांडला गेल्यास पडद्यावरचा पाठ कितीही चांगला असला तरी बाभुळगावच्या विद्यार्थ्यापर्यंत केवळ त्याचा आवाज पोहोचेल. ऑनलाइन अध्यापनाने स्थानिक अध्यापकाचे काम बदलते, संपत नाही. म्हणून अशा अभ्यासक्रमास मान्यता देताना किती जणांनी पाठ पाहिला, याबरोबरच किती प्रश्न आले, कोणत्या भाषेत आले आणि त्यांमुळे पुढील पाठात काय बदलले, याचीही नोंद मागितली जावी.