रात्री दहानंतरचा बेंजो

दिवाळी अंकात संगीतावर लेख यायचा म्हणजे तो बहुधा बालगंधर्वांवर येतो, भीमसेनांवर येतो, नाही तर एखाद्या गाजलेल्या मैफलीच्या आठवणींवर येतो. याबद्दल माझी तक्रार नाही. असे लेख मीही फराळाच्या ताटाबरोबर आवडीने वाचतो. पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हळदीला, वरातीला आणि गणपतीच्या मिरवणुकीला जे संगीत माणसांच्या कानांवर प्रत्यक्ष पडते, त्या बेंजो पार्टीवर लिहिलेली दोन ओळींची टीका माझ्या वाचनात नाही. गोंगाटाच्या तक्रारी पुष्कळ वाचल्या आहेत. पण तक्रार म्हणजे टीका नव्हे. तक्रार करणाऱ्याला वादन थांबायला हवे असते. टीका करणाऱ्याला ते अधिक चांगले व्हायला हवे असते. गेल्या वैशाखात हर्णै बंदरावर एका पार्टीचे वादन मी एकाच रात्री दोनदा ऐकले. एखाद्या गवयाच्या बैठकीवर लिहावे तसे त्यावर लिहिण्याचा विचार आहे.

आधी वाद्याविषयी. ज्याला आपण बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टंकयंत्रासारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. याचे मूळ जपानात आहे. 1912 साली नागोया शहरातल्या मोरिता गोरो नावाच्या माणसाने ‘तैशोगोतो’ हे वाद्य तयार केले. त्याच वर्षी तिकडे तैशो राजवट सुरू झाली, म्हणून हे नाव. पुढे ते समुद्रमार्गे इकडे आले आणि बुलबुलतरंग झाले. मुंबईत आणि कोकणात त्याला वीज जोडली गेली, कर्णे लागले आणि ते टेम्पोवर चढले. हेच वाद्य बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरही पोचले. तिथे त्याला बेंजू म्हणतात आणि ते वाजवणाऱ्याला लोक कलावंत मानून समोर बसून ऐकतात. एकाच समुद्राचे हे दोन काठ! इकडे मात्र तो वऱ्हाडापुढे चालणारा सुपारीचा माणूस राहिला.

हर्णैला सरकारी मासेमारीबंदी 1 जूनला सुरू होते आणि 31 जुलैपर्यंत चालते. त्यामुळे लग्ने उरकण्याची घाई मे महिन्यात असते. त्या दिवशी संध्याकाळचा लिलाव आटोपला होता, सुवर्णदुर्गाची काळी रेघ पाण्यावर दिसेनाशी झाली होती, आणि एका हळदीच्या मांडवापुढे सात जणांची पार्टी उभी होती. एक बेंजो, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा, ढोल आणि खुळखुळा. वाजवणारे बहुतेक बोटीवरचे खलाशी, एक जण सहा आसनी रिक्षा चालवणारा.

मांडवातले वादन, स्पष्टच सांगायचे तर, सामान्य होते. दोन तास एका गाण्याच्या शेपटीला दुसऱ्या गाण्याचे डोके बांधलेले. मध्ये श्वास नाही, चढ नाही, उतार नाही. शान्ता शेळके यांनी लिहिलेल्या आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेल्या कोळीगीतांनाही त्यांनी तोच घाईचा ठेका लावला. वल्ह्याची लय त्या चालींचा प्राण, तीच हरवली. बेंजोचा आवाज कर्ण्यातून फाटून येत होता. फाटलेला आवाज वाईटच असतो असे मी म्हणत नाही. 1964 साली किंक्स या इंग्रज मंडळीतल्या डेव्ह डेव्हिस या तरुण वादकाने आपल्या ध्वनिवर्धकाचा पडदा पात्याने चिरला आणि त्या फाटक्या आवाजावर एक गाणे उभे केले. पुढे विजेच्या गिटारवाल्यांनी त्याचा अलंकार केला. पण अलंकार कुठे तरी संपावा लागतो, मागे सपाट अंग दिसावे लागते. इथे पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सारे फाटलेलेच. मांडवात नाच मात्र झकास चालला होता आणि यजमान खूश होते, हेही नोंदवले पाहिजे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. त्यांना धरून बरोबर दहा वाजता कर्णे बंद झाले. पार्टी जेवायला बंदराच्या वाटेवरच्या एका खाणावळीत गेली. चार टेबले, पुढे पडवी, बाहेर सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास. तिथे पलीकडच्या टेबलांवर पेलेही होते, हे कुटुंबवत्सल वाचकांनी समजून घ्यावे. मासळी तळून होईपर्यंत बेंजोवाल्याने वाद्य मांडीवर घेतले. ना वीज, ना कर्णा. ऐकणारे आम्ही दहा-बारा जण.

मग जे ऐकले त्यासाठी हा लेख.

विजेशिवाय बेंजो फार लहान आवाजाचा आहे. कळेची टकटकही सुरात मिसळून ऐकू येते. कळा पक्क्या बसवलेल्या, त्यामुळे मींड घेता येत नाही. तार छेडली की सूर लगेच विझतो, त्यामुळे लांब स्वर धरता येत नाही. कोळ्यांच्या गाण्यात तर शेवटचा स्वर लांबवायचाच असतो. हा गृहस्थ तो कसा लांबवत होता? नखी इतक्या जलद आणि इतकी हलकी फिरवी की सूर तुटत नसे, थरथरत राही. आणि विझायला आला की शेजारच्या कळेवरून घसरून पुन्हा तिथेच येई. वाद्यात नसलेली मींड त्याने अशी फसवून मिळवली होती. ढोलकीवाला पंजा न मारता बोटांनी वाजवू लागला. ऑक्टोपॅडवाल्याने पाण्याचे रिकामे पिंप जवळ ओढले. सहा मात्रांची चाल, पण तिसऱ्या मात्रेवर पिंपाचा ठोका मुद्दाम गाळलेला. बोट लाटेवरून खाली जाताना पोटात जो खड्डा पडतो, तो नेमका त्या रिकाम्या जागेत होता.

चाल कोणत्याही चित्रपटातली नव्हती. चार-पाच सुरांच्या आत ती फिरत होती. कोमल निषादापाशी येऊन अडे आणि वर न जाता परत फिरे. दुसऱ्या भागात बेंजोवाला खालच्या सप्तकात उतरला आणि मोकळ्या तारा गुणगुणत ठेवून एकाच तारेवर वाजवत राहिला. हा भाग थोडा लांबला. कीबोर्डवाल्यालाही तसे वाटले असावे, कारण तो भाकरी मोडू लागला. पण त्यानंतर पिंप, ढोलकी आणि बेंजो तिघे मिळून पहिल्या सुरावर ज्या रीतीने परत आले, ती रीत मोठ्या बैठकीत ऐकली असती तरी मी मान डोलावली असती.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एका गाजलेल्या हिंदी गाण्याची फर्माईश आली. एक आवर्तनही न जाता पार्टी त्या गाण्यावर गेली. बेंजोवाल्याच्या चेहऱ्यावर खंत वगैरे काही दिसली नाही. फर्माईश आली की वाजवायचे, हा त्यांचा धंदा. या लोकांवर 2016 साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला. त्यातदेखील वाद्य मुंबईच्या बेंजोवाल्यांचे आणि संगीत विशाल-शेखर या नामवंत जोडीचे. चित्रपटाच्या धंद्यात ते स्वाभाविकच आहे. पण बेंजोवाल्याची स्वतःची चाल असू शकते, हे कोणी गृहीतच धरत नाही. मांडवातले यजमान नाहीत, आपण लेखक नाही, आणि मला वाटते, तो स्वतःही नाही.

जेवण झाल्यावर मी त्याला चालीचे नाव विचारले.

“नाव कसला त्याला, गुरुजी?” तो म्हणाला. “रात्री जाळा टाकून बसलो ना, की वाजवायचा काय तरी. तसा झाला.”

“मांडवात का वाजवत नाही?”

“त्याच्यावर नाचणार कोण?”

प्रश्न योग्य होता. रिकाम्या मात्रेवर पाय टाकणे कठीणच. तरी मी म्हणालो की हळदीच्या सुरुवातीला, बायका मांडवात जमत असतात आणि नाच सुरू झालेला नसतो, तेव्हा पाच मिनिटे कर्णा अर्ध्यावर ठेवून वाजवून पाहा. तो हसला. “मालक बोलंल, पार्टी झोपली काय!” ढोलकीवाल्याला मात्र कल्पना पटलेली दिसली. त्याने निषादावर अडण्याची जागा दोनदा तोंडाने म्हणून दाखवली. लेखात नाव घालू का, असे विचारताच बेंजोवाला घाईने नको म्हणाला. पहाटे बोटीवर जायचे होते, आणि तांडेलाला रात्रीच्या जागरणाचा पत्ता लागायला नको होता.

खाणावळीत वाढणाऱ्या मुलाने ते वादन आपल्या मोबाइलवर टिपले होते. ते मी मागून घेतले. चार मिनिटांचे आहे. ताटल्यांचा आवाज आहे, मासळी तव्यावर पडल्याचा चर्र आवाज आहे, आणि फर्माईश करणाऱ्याचा आवाज तर सगळ्यांत स्पष्ट आला आहे. ऑगस्टात बोटी पुन्हा दर्यावर गेल्या. गणपतीत पार्टीला कुठे कुठे सुपारी होती ते मी विचारून ठेवले होते; दोन ठिकाणी जाऊन आलो. ती चाल वाजली नाही. दुसऱ्या ठिकाणी मात्र, मिरवणूक वळणावर अडली असताना, ढोलकीवाल्याने तिसरी मात्रा दोन आवर्तने गाळलेली मी ऐकली.