हरिश्चंद्राच्या डोंबाचा मुलगा

नाशिकच्या माणसाला चित्रपटाविषयी बोलताना दादासाहेब फाळक्यांना टाळता येत नाही. फाळके त्र्यंबकेश्वरचे. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवल्यावर त्यांनी आपली कंपनी नाशिकला आणली आणि 1917 साली 'लंकादहन' काढला. तिकीट काढणाऱ्याला पडद्यावर राम दिसू लागला. काळारामाच्या दाराशी मात्र आमच्या आजोबांच्या पिढीला 2 मार्च 1930 पासून सत्याग्रह करावा लागला. हा विरोधाभास या शहराच्या मातीतच आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आज फाळके स्मारक आणि बुद्ध स्मारक शेजारी शेजारी उभी आहेत. त्या दोघांमधले अंतर पावलांनी मोजले तर थोडे आहे. जाणिवांनी मोजू गेल्यास ते अजून पुरते ओलांडले गेलेले नाही.

हे अंतर मोजायला मला गेल्या काही महिन्यांत घरी पाहिलेले नीरज घायवान यांचे तीन चित्रपट उपयोगी पडले. घायवान आपली दलित ओळख उघडपणे सांगतात. हिंदी चित्रपटसृष्टीत असे सांगणारे दिग्दर्शक बोटांवर मोजावेत इतकेच आहेत. म्हणूनच त्यांच्या कलाकृतींचे कौतुक करून थांबणे पुरेसे नाही; त्यांची चिकित्सा आपणच केली पाहिजे.

प्रथम 'मसान' (2015). हरिश्चंद्राची कथा आठवावी. राजा सर्वस्व दान करतो, काशीत स्वतःला विकतो आणि स्मशानात डोंबाचा चाकर होतो. स्वतःच्याच मुलाचे प्रेत समोर येते तेव्हाही तो कर मागतो. शतकानुशतके या प्रसंगावर लोक रडले. पण कुणासाठी? राजासाठी. राजा किती खाली गेला हे दाखवण्याचे माप म्हणून तिथे डोंब उभा आहे. राजाची परीक्षा संपते, तो सिंहासनावर परत जातो. डोंब पिढ्यानपिढ्या त्याच घाटावर प्रेते जाळत राहतो आणि त्याच्या दुःखाची चौकशी कथाकार करीत नाही. भारतीय कथापटाची सुरुवातच या कथेने झाली, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे.

'मसान'चा नायक दीपक हा त्याच काशीतल्या डोंबाचा मुलगा आहे. तो इंजिनिअरिंग शिकतो आणि वरच्या जातीतल्या शालूवर प्रेम करतो. एके दिवशी त्याच घाटावर शालूचे प्रेत येते आणि तो तिला बोटातल्या अंगठीवरून ओळखतो. प्रसंग जवळजवळ हरिश्चंद्राचाच, पण या वेळी दुःख डोंबाचे आहे आणि त्याच्यासाठी कुणी सिंहासन राखून ठेवलेले नाही. एकशे दोन वर्षांनी पडद्यावरचा डोंब माप राहिला नाही, माणूस झाला. या एका उलटापालटीसाठी हा चित्रपट मला महत्त्वाचा वाटतो.

तरीही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. जात कळल्यावरही शालू दीपकची साथ सोडत नाही. आता खरा संघर्ष तिच्या घरच्यांशी व्हायचा. नेमक्या त्याच वेळी बसचा अपघात होतो आणि सवर्ण समाज उत्तर देण्यापासून सुटतो. 'सैराट'ने (2016) ही सुटका दिली नाही. तिथे मारेकरी घरातलेच होते आणि भेटवस्तू घेऊन आले होते.

दुसरा 'गीली पुच्ची' हा 2021 सालचा लघुचित्रपट. कारखान्यात मशीनवर काम करणारी भारती मंडल पात्रता असूनही कचेरीतली खुर्ची मिळवू शकत नाही; ती प्रिया शर्माला मिळते. दोघींत जवळीक वाढते, पण भारतीने जात सांगताच प्रियाचा चेहरा बदलतो. त्याआधी भारतीने आपले आडनाव बॅनर्जी असे सांगितलेले असते. येथे नाशिकच्याच बाबुराव बागुलांची 1963 सालची 'जेव्हा मी जात चोरली होती' आठवल्याशिवाय राहत नाही. बागुलांचा तरुण रेल्वेत नोकरीला लागलेला. डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून तो जात लपवतो आणि उघड झाल्यावर मार खातो. भारती मार खात नाही. ती डाव टाकते आणि खुर्ची मिळवते. शेवटी प्रियाच्या घरी तिच्यापुढे स्टीलच्या वेगळ्या भांड्यात चहा येतो, तोही ती शांतपणे पिते.

हे पाहून माझ्या काही विद्यार्थ्यांनी विचारले, 'सर, ही तर कपटी झाली.' मला हा प्रश्न मोलाचा वाटतो. 'सुजाता'मधल्या (1959) दलित मुलीला स्वतःचे रक्त देऊन सवर्ण आईची माया मिळवावी लागली. दलिताने सद्गुणी असले तरच त्याला न्याय मिळावा ही अट प्रस्थापित सिनेमाने घातली होती. भारती ती अट मोडते. मात्र तिच्या विजयाची किंमत प्रिया मोजते, आणि प्रियाही त्या घरात कोंडलेलीच आहे. व्यवस्था जागच्या जागी राहते, खुर्चीवरचे माणूस तेवढे बदलते.

तिसरा 'होमबाउंड' (2025). चंदन आणि शोएब हे दोन मित्र, पोलीस भरतीचे स्वप्न आणि टाळेबंदीतला गावाकडचा रस्ता. आपली जात कळू नये म्हणून चंदन राखीव जागेऐवजी खुल्या गटातून अर्ज भरतो. भाड्याची खोली शोधताना आधी आडनाव, मग मूळ गाव, मग 'म्हणजे नक्की कोण?' या पायऱ्या ज्यांनी चढल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मीही त्या चढलो आहे. चंदनच्या आईने शाळेत शिजवलेले अन्न नको म्हणून पालक ओरडतात, तेव्हा माझी आई एवढेच म्हणाली, 'भांडे घासायला आपला हात चालतो, रांधायला चालत नाही.' ती शाळेत गेलेली नाही. पण अस्पृश्यतेचे अर्थशास्त्र इतक्या थोड्या शब्दांत मला कुठल्या ग्रंथात वाचायला मिळालेले नाही.

चंदन शेवटी मरतो. टाळेबंदीत माणसे मेली हे सत्य आहे आणि चित्रपट एका सत्य घटनेवर आधारलेला आहे. तरी प्रश्न उरतोच. आमच्या मुलाच्या मरणाशिवाय प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही काय? 'जय भीम'मधली (2021) सेंगेनी नवरा गमावते, पण तडजोडीचे पैसे नाकारते. तो नकार मला अश्रूंपेक्षा मोठा वाटतो, जरी तिथेही पडद्याची बरीच जागा वकिलाने व्यापली आहे.

या तिन्ही चित्रपटांत माणूस प्रामुख्याने एकटा लढतो. वसतिगृह, विहार, जयंती, मोर्चा यांतून घडलेल्या महाराष्ट्रातल्या दलित माणसाला हे एकटेपण अपुरे वाटते. आणि आता तर पाहणाराही एकटा झाला आहे. आमच्या जिल्ह्याने भीमराव कर्डकांचा जलसा दिला, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक दिले. ती कला समूहासमोर उभी राहत असे आणि ऐकून उठलेला माणूस सभेला जात असे. पुढे वस्तीत भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर चित्रपट दाखवले जात, तेव्हाही निदान गर्दी असे. आज विद्यार्थी मोबाइलवर, कानात तार घालून 'होमबाउंड' पाहतो, रडतो आणि झोपतो. सवर्ण घरातही तसेच रडणे होते आणि सकाळी भाडेकरूचे आडनाव विचारले जाते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की हे चित्रपट घरात पाहावेत, पण घरात ठेवू नयेत. वर्गात, वसतिगृहात, विहारात ते एकत्र पाहावेत आणि दिवे लागल्यावर कुणालाही लगेच उठू देऊ नये. डोंबाचा मुलगा पडद्यावर बोलू लागला आहे. त्याने मांडलेल्या प्रश्नावर चर्चा आपल्याला करायची आहे.