सगळ्यांच्या हाती जेंबे

ब्रिटनमध्ये ओसीआर नावाचं एक परीक्षा मंडळ आहे. आपल्या दहावीच्या तोडीच्या त्याच्या संगीत अभ्यासक्रमात ‘जगातले ताल’ असा एक विभाग असतो. त्यात भारताच्या वाट्याला शास्त्रीय संगीत आलं आहे, पंजाबी भांगडा आला आहे, शिवाय आधुनिक भांगडाही. ग्रीस, इस्रायल, पॅलेस्टाइन यांची नावं वेगवेगळी घेतलेली आहेत. आफ्रिकेसाठी मात्र एकच ओळ आहे: पारंपरिक आफ्रिकी ढोलवादन. पन्नासहून अधिक देश आणि हजारावर भाषा त्या ओळीत बसवल्या आहेत. ज्यांचं मोठेपण गळ्यातल्या बहुस्वरी विणीत आहे ते मध्य आफ्रिकेतले आका लोकही ढोलवाल्यांतच जमा.

अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांवर एकट्यांवर चिडून उपयोग नाही. तरुणांसाठी जगभर चालणाऱ्या ‘आफ्रिकी ताल’ कार्यशाळांनी गेल्या साठेक वर्षांत जे चित्र रंगवलं, तेच त्यांनी उतरवून घेतलं. मूळचे घानाचे संगीतशास्त्रज्ञ कोफी अगावू यांनी 1995 मध्ये याच विषयावर एक खरमरीत निबंध लिहिला होता. ‘आफ्रिकी ताल’ नावाची एकसंध वस्तू ही बाहेरच्यांनी रचलेली कल्पना आहे, असं त्यांचं म्हणणं. निबंध गाजला, विद्यापीठांत शिकवला गेला. शाळेच्या हॉलपर्यंत तो पोचला नाही.

या कार्यशाळांचा उगम एका ठिकाणी दाखवता येत नाही, पण दोन मोठे प्रवाह दिसतात. पहिला न्यूयॉर्कचा. नायजेरियातून शिकायला आलेल्या बाबातुंडे ओलाटुंजी यांची ‘ड्रम्स ऑफ पॅशन’ ही रेकॉर्ड 1960 मध्ये आली आणि तुफान खपली. पुढे त्यांनी तिथल्याच हार्लेम वस्तीत आफ्रिकी संस्कृतीचं केंद्र काढलं. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्यांच्या पाठीशी होता. त्याची ध्वनिमुद्रित झालेली शेवटची मैफल 1967 मध्ये याच केंद्रात झाली. हार्लेमच्या काळ्या मुलांना ढोल शिकवणं ही तेव्हा राजकीय कृती होती. ज्या देशात त्यांच्या पूर्वजांचे ढोल मळेवाल्यांनी आणि कायद्याने बंद पाडले होते, त्या देशात ती मुलं उघडपणे ढोल बडवत होती. आजच्या गुळगुळीत कार्यशाळांत हा संदर्भ शोधूनही सापडत नाही.

दुसरा प्रवाह पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचा. फोदेबा केइता यांनी पॅरिसमध्ये 1950च्या दशकात ‘ले बाले आफ्रिकां’ हा नृत्यसंच उभा केला. 1958 मध्ये गिनी स्वतंत्र झाला आणि संच राष्ट्राचा झाला. अध्यक्ष सेकू तुरे यांच्या राजवटीने गावोगावचे वादक निवडून राजधानीत आणले, त्यांना पगार दिला, जगभर फिरवलं. गावात रात्रभर चालणारा ताल मंचासाठी पाच मिनिटांचा झाला. 1984 मध्ये तुरे गेले, सरकारी आश्रय आटला, आणि अव्वल वादक पोटासाठी युरोपच्या वाटेला लागले. त्यांतले ममादी केइता 1988 मध्ये बेल्जियमला गेले आणि तीन वर्षांनी ब्रुसेल्समध्ये त्यांनी शाळा काढली. जेंबे हा त्यांचा हातांनी वाजवायचा ढोल युरोपभर पसरला त्यात गोडी होतीच, पण त्यामागे बेकारीही होती, हे विसरू नये. कार्यशाळा हा त्या वादकांचा नवा रोजगार होता.

मग शाळांनी त्याला उचलून धरलं. इंग्लंडमध्ये 2000 नंतर संपूर्ण वर्गाला एकदम वाद्य शिकवण्याची योजना आली, तेव्हा तीस व्हायोलिनं सुरात लावण्यापेक्षा तीस जेंबे मांडणं केव्हाही सोपं होतं. मधोमध थाप मारली की घुमारा, कडेला बोटं जुळवून मारली की स्वच्छ टणका, बोटं सैल सोडून मारली की चटका. हे तीन आवाज पहिल्या अर्ध्या तासात बरेवाईट निघतात. मुलांचे चेहरे खुलतात, मुख्याध्यापकांना पालकसभेत दाखवायला काहीतरी मिळतं. माझा आक्षेप या आनंदाला नाही. आक्षेप आहे तो शिकवणं त्या अर्ध्या तासापाशीच थांबतं याला.

काय राहून जातं ते एका उदाहरणाने पाहू. घाना-टोगोच्या किनाऱ्यावरच्या एवे लोकांच्या वादनात सगळ्यांना बांधून ठेवणारं वाद्य ढोल नाही, ती लोखंडाची जोडघंटा आहे, गांकोग्वी. तिचा एक प्रसिद्ध ठेका बारा बारीक मात्रांचा आणि सात आघातांचा. आघात पडतात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. वाचकाने टेबलावर पेनने वाजवून पाहावं. दोन-तीन मिनिटांत जमतं. आता त्याच वेळी पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेला पाय आपटून पाहावा. इथे बहुतेकांची दांडी उडते. कारण चार पावलांपैकी दोनच पावलं घंटेला भेटतात, उरलेली दोन मोकळ्या जागी पडतात. नाचणाऱ्याला ते कळतं, नुसत्या ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून नाच काढून टाकला की ताल कुठे उभा आहे हेच हरवतं. सुरुवात कुठली, जोर कुठे, याबद्दल परदेशी विद्यार्थी वर्षानुवर्षं चुकीच्या जागी पाय रोवून बसल्याच्या कथा या क्षेत्रात नेहमीच्या आहेत.

या सगळ्यात सर्वांत लहान ढोल असतो कागानू. आगबेकोर या जुन्या युद्धनृत्यात त्याचं काम ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतं: पाऊल पडतं त्या मात्रेला गप्प राहायचं आणि पुढच्या दोन मात्रा वाजवायच्या. पुन्हा गप्प, पुन्हा दोन. वीस मिनिटं हेच. शेजारी किदी आणि सोगो हे ढोल आपापलं बोलत असतात, मुख्य ढोल आत्सिमेवू मध्येच घुसून सगळ्यांना हलवून जातो, आणि कागानूवाल्याने त्या मोहात न सापडता आपली रिकामी जागा सांभाळायची असते. शिक्षण म्हणायचं तर ते इथे आहे. दुसऱ्याचं नीट ऐकू येत असताना स्वतःचं न सोडणं हे या वादनाचं मर्म आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाला ते शिकवता येतं.

आपल्याकडच्या ढोलताशा पथकांशी ताडून पाहिलं तर फरक चटकन लक्षात येईल. पथकातही गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी सराव चालतो, पहिला हात बसल्याशिवाय दुसरा शिकवत नाहीत, ताशाच्या तर्रीवर आणि टोलाच्या ठणठणीवर सगळे बांधलेले असतात. पण शंभर ढोल एकच ठोका देतात. चुकलेला शंभरांत लपतो. एवे वादनात शेजाऱ्याचा ठोका तुमचा नसतोच, त्यामुळे लपायला जागा नाही. बहुतेक जेंबे कार्यशाळा नाव आफ्रिकेचं घेतात आणि रीत पथकाची चालवतात, तीही सरावाच्या दोन महिन्यांशिवाय.

इथे शुद्धतेचा कैवार घेऊन कुणी उभं राहील, तर मी त्यांच्या बाजूचा नाही. एवे लोकांचं लाडकं गाहू नृत्य मुळात त्यांचं नाही, पूर्वेकडच्या योरुबा भाषकांकडून ते आलं. झिंबाब्वेच्या शाळाशाळांत वाजणारी मरिंबा प्राचीन वगैरे काही नाही. बुलावायोच्या क्वानोंगोमा संगीत महाविद्यालयात 1960च्या दशकात ती घडवली गेली. शोना आणि न्देबेले या दोन्ही समाजांपैकी कुणाचंच नसलेलं वाद्य म्हणून ती सोयीची ठरली, ही त्यातली मौज. डुमिसानी मरायरे यांनी 1968 नंतर ती सिॲटलच्या विद्यापीठात नेली आणि अमेरिकेच्या त्या कोपऱ्यात मरिंबावाल्यांची एक अख्खी बिरादरी उभी राहिली. शिकवण्यासाठी घडवलेलं हे वाद्य जेंबेच्या लाटेपेक्षा मला अधिक यशस्वी वाटतं. कारण मरिंबा संचात प्रत्येक मुलाचा भाग वेगळा असतो आणि तो आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

नवं घडवण्याला हरकत नाही, नव्याला जुनं म्हणून खपवण्याला आहे. ‘आफ्रिकेचं स्वागतगीत’ म्हणून लहान मुलांना हमखास शिकवलं जाणारं ‘फांगा’ घ्या. नृत्याचं मूळ लायबेरियात, शब्द योरुबा वळणाचे, गाणं जुळलं ते हार्लेममध्ये, आणि चाल अमेरिकन लोकगीताच्या अंगाने जाणारी. किती सुरस गोष्ट आहे ही! समुद्रापलीकडे नेलेल्या माणसांनी तुकडे जोडून आपल्यासाठी घर कसं बांधलं, हे एका गाण्यात सांगता येईल. त्याऐवजी मुलांना सांगतात, आफ्रिकेत पाहुणे आले की हे म्हणतात.

ड्रम सर्कलची तऱ्हा आणखी निराळी. वर्तुळात खुर्च्या, कृत्रिम कातड्याचे रंगीत ढोल, मधोमध हातवारे करणारा फॅसिलिटेटर, आणि पहिलंच वाक्य: इथे चूक असं काही नसतं. आपल्याकडे हे मुंबई, पुणे, बंगळुरूच्या कंपन्यांच्या ‘टीम बिल्डिंग’मधून आलं आणि उन्हाळी शिबिरांत शिरलं. बुजऱ्या मुलाचा हात सुटायला ते वाक्य पहिल्या दिवशी ठीक. दहाव्या दिवशीही तेच ऐकवलं, तर त्या मुलाकडून आपली काहीच अपेक्षा नाही असा त्याचा अर्थ होतो. आफ्रिकेतल्या ज्या परंपरांचं नाव घेऊन हे चालतं, त्यांत चूक असते, ती लगेच दाखवली जाते आणि तिच्यावर हसलंही जातं. माहितीपत्रकांत मग विज्ञान येतं. लाइपझिगच्या किर्शनर आणि टोमासेलो यांनी 2010 मध्ये दाखवलं, की एकत्र गाण्या-वाजवण्याचा खेळ खेळलेली चार वर्षांची मुलं नंतर एकमेकांना अधिक मदत करतात. प्रयोग चांगला आहे. पण तो कुठल्याही एकत्र संगीताला लागू पडतो, भजनी मंडळालासुद्धा. त्यावर आफ्रिकेची पाटी लावायचं कारण नाही.

चांगलं चाललं आहे तिथे काय दिसतं? घानाच्या कोपेइया गावात गॉडविन आगबेली यांनी 1982 मध्ये सुरू केलेल्या दागबे केंद्रात परदेशी विद्यार्थी जातात, तेव्हा त्यांच्या शेजारी गावातली पोरं तेच वाजवत असतात, बहुधा त्यांच्यापेक्षा सरस. पाहुण्याला आपली पायरी कळते, हा त्या जागेचा मोठा गुण. गिनीत 1990च्या दशकाअखेर बायकांचं जेंबेपथक उभं राहिलं. तोवर मुख्य वादक पुरुषच असण्याची रीत होती. युरोपातल्या कार्यशाळांत मुली सर्रास वाजवत होत्या, त्याचाही या बदलाला थोडाफार हातभार लागला असावा. आणि मोठ्या कलावंतांच्या पातळीवर संवाद कसा असतो ते ऐकायचं तर अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्टची 1991 सालची ‘प्लॅनेट ड्रम’ ही रेकॉर्ड आहे. तीत ओलाटुंजींसोबत आपले झाकिर हुसेन आणि विक्कू विनायकराम बसले आहेत. कुणीही दुसऱ्याची भाषा अर्ध्या तासात उचलल्याचा आव आणत नाही.

मराठी वाचकाला या विषयाची एक बाजू अगदी जवळची आहे. जंजिऱ्याच्या, मूळच्या आफ्रिकेतल्या सिद्दींना आपण इतिहासाच्या पुस्तकात भेटून सोडून देतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या रानात कोकणी बोलणारे सिद्दी आजही दमाम वाजवतात. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यात सिद्दींचा गोमा होतो. तिथे मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल असतो आणि मलुंगा नावाचं, धनुष्याला भोपळा जोडलेलं तंतुवाद्यही. मलुंगा वाजवणारे आता फार थोडे उरलेत. म्हणजे आफ्रिकेतून आलेला ताल, शतकानुशतकं इथे राहून इथला झालेला, एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे. सांस्कृतिक महोत्सवांत या मंडळींना बोलावणं येतं, पण ते मोरपिसं लावून नाचण्यासाठी आणि हवेत उडवलेला नारळ डोक्यावर फोडून दाखवण्यासाठी. दहा मिनिटांचा कार्यक्रम, टाळ्या, जेवण, परतीचं भाडं. मुलांना आफ्रिकी ताल शिकवायचा म्हणून एखाद्या शहरी शाळेने रतनपूरच्या मुगरमानवाल्याला महिनाभर ठेवून घेतलं, त्याला शिक्षकाचा पगार दिला, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. जेंबेची ऑर्डर मात्र दरवर्षी जाते.