लघुपटलावरील देवनागरी : एक परीक्षण

ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, ही मुंबईतील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची जुनी पेठ होय. गिरगाव-परळपासून येथे येणाऱ्या हौशी विद्यार्थ्यांच्या हाती अलीकडे जे साधन आले आहे, त्यात मायक्रोकंट्रोलर आणि पडदा एकाच लहानशा पट्टीवर बसविलेले असतात. या साधनाची चर्चा बहुधा वेग, स्मृती आणि किंमत यांच्या अंगाने होते. परंतु ज्याला पडदा आहे ते लेखनाचेही साधन आहे. म्हणून ते मराठी कसे लिहिते, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

या साधनाचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. पूर्वी पडदा निराळा घेऊन तारांनी जोडावा लागे, आणि तो पडदाही दरिद्री असे. हिताची कंपनीच्या एचडी ४४७८० या नियंत्रकावर चालणाऱ्या पडद्यात प्रत्येक अक्षरासाठी ५ × ८ बिंदूंचे स्वतंत्र घर असते आणि स्वतः घडविलेली अशी चिन्हे एका वेळी केवळ ८ बसतात. आठ ओळींतून शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार वजा केले, तर अक्षराच्या देहाला तीन-चार ओळीच उरतात. शिवाय दोन घरांमधील फटीमुळे शिरोरेषा अखंड राहत नाही. तेथे मराठी नीट उमटली नाही, याचा दोष यंत्राच्या मर्यादेकडे जातो.

ती सबब आता उरलेली नाही. टी-डिस्प्ले या नावाने मिळणाऱ्या पट्टीवर १.१४ इंचाचा, २४० × १३५ बिंदूंचा रंगीत पडदा असतो आणि तिच्यातील ईएसपी३२ या चिपला ५२० किलोबाइट कार्यस्मृती असते. तरीही या पडद्यासाठी सामान्यतः वापरले जाणारे आज्ञासंग्रह मराठी मजकुराची काय दशा करतात, हे पाहण्यास मुंबईतील सहा स्थलनामे पुरेशी आहेत. ‘परळ’, ‘दादर’ आणि ‘लालबाग’ ही नावे निभावून जातात. ‘गिरगाव’ मात्र ‘गरिगाव’ होते. ‘चर्चगेट’मधील रफार खाली उतरून पायमोडका ‘र’ होतो आणि ‘महालक्ष्मी’तील जोडाक्षराचे पाय मोडून तुकडे पडतात.

याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. युनिकोड या संकेतपद्धतीत वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठविले जातात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येते. ती व्यंजनाच्या डावीकडे नेऊन ठेवणे हे मजकूर दाखविणाऱ्या आज्ञावलीचे काम असते. एका संकेताला एक चिन्ह, हे रोमन लिपीचे गृहीतक ज्या संग्रहाने धरले, त्याच्याजवळ देवनागरीची चिन्हे असली तरी देवनागरी लिपी नसते.

येथे एक ऐतिहासिक स्मरण उपयुक्त ठरते. १९५३ साली लखनौच्या लिपिसुधारणा परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे लिहावी, असे सुचविले होते. ती सूचना चर्चेस आली आणि अखेर टिकली नाही. जे परिषदेला साधले नाही ते ही पट्टी कोणतीही चर्चा न होता करते. उलट, जावजी दादाजींनी १८६९ साली स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने, गिरगावाला लागून असलेल्या काळबादेवीत, शिशाच्या खिळ्यांना लिपीच्या वळणाप्रमाणे वाकविले. संस्कृत ग्रंथांतील बिकट जोडाक्षरेही तेथे सुबक छापली गेली. संगणकावरही हे घडले. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० बरोबर जगभर गेला.

ही पट्टी हौसेची वस्तू आहे, तिच्याकडून लिपीची अपेक्षा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. मराठी शब्दाचे चित्र आधी तयार करून ते पडद्यावर उमटविता येते, असेही म्हटले जाईल. चित्राचा उपाय ठरीव शब्दापुरता खरा आहे; बदलत्या मजकुरापुढे तो निरुपाय होतो. आणि हौसेचे म्हणाल तर अनेक विद्यार्थ्यांचा यंत्राशी पहिला संवाद याच पट्टीवर होतो. तेथे मराठी मोडकी दिसली, तर ती यंत्राची भाषाच नव्हे, असा समज पहिल्या दिवशीच रुजतो आणि पुढे तो पुसणे कठीण जाते.

वेलांटीचा क्रम पालटणे, रफार पुढील अक्षरावर चढविणे आणि नेहमीच्या जोडाक्षरांचे कोष्टक बाळगणे, एवढ्या मोजक्या नियमांनी बराचसा मराठी मजकूर शुद्ध दिसू शकेल, आणि एवढे काम ५२० किलोबाइटांना जड नाही. भाषाशास्त्र आणि संगणनशास्त्र या दोन विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मिळून हाती घ्यावे असे हे कार्य आहे. तोवर या साधनाविषयी इतकाच निर्णय देता येतो की, त्याचे सामर्थ्य वाढले, पण त्याला अद्याप गिरगावचे नाव लिहिता येत नाही.